धूर घेणारी सरस्वती

नंदुरबार जिल्ह्यात मे महिन्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. तिथे, तापीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात, राणीच्या राज्यातल्या कुणा इंजिनिअराने शाळा बांधली आणि हेडमास्तरांच्या खोलीत शेकोटी घातली. दगडी महिरप, आत विटांची काळी पोकळी, वर कौलांतून बाहेर गेलेलं धुराडं. विलायतेच्या नकाशात शेकोटी होती, म्हणून इथेही बांधली. गवंड्यांनी घाम पुसत पुसत साहेबाची ऊब रचली असणार. त्या इंजिनिअराला मी मूर्ख म्हणतो, पण आमची मंडळी त्याच्याही वरताण निघाली. साहेब गेला, शाळा आमच्या हाती आली, आणि ही पोकळी कशासाठी आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली असेल. मग कुणीतरी ठरवून टाकलं की हा देवाचा कोनाडा आहे, आणि आत संगमरवरी सरस्वती बसवली.

पुढे चमत्कार झाला. देवीपुढे उदबत्ती लावली की धूर खोलीत पसरेना. तो वळून आत जाई आणि वर नाहीसा होई. धुराडं आपलं काम करत होतं, दुसरं काही नाही. पण गावात बोभाटा झाला की शाळेतली सरस्वती धूर घेते. वसंत पंचमीला बाजारपेठेतल्या बायका रांग लावून ते बघायला येत. विज्ञानाचे सर हात जोडून सगळ्यांत पुढे उभे असत. मीही जोडले आहेत. कोनाडा म्हणजे शेकोटी हे मला कळलं चाळिशीत, उटीच्या एका हॉटेलात. खोलीत मी एकटाच हसत सुटलो, आणि मग एकदम हसू थांबलं. त्या धुराड्यात, देवीच्या डोक्यावर हातभर उंचीवर, मी दहावीत असताना दुसऱ्याची एक वस्तू लपवली होती. ती काढायला मी कधी परत गेलो नव्हतो.

शेवटी गेलो तो गेल्या माघात, आणि तेही व्हॉट्सॲपमुळे. आमच्या बॅचचा एक ग्रुप आहे. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन, संध्याकाळी देशभक्ती. एका सकाळी फुलांच्या जागी शाळेचा फोटो आला. इमारत ओस पडून वीस-पंचवीस वर्षं झाली होती. शाळा पलीकडच्या सिमेंटच्या डब्यात गेली, तेव्हापासून तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ती पाडून तिथे दुकानांचे गाळे होणार होते. रविवारी माजी विद्यार्थ्यांचा निरोप समारंभ, सोमवारी जेसीबी.

झालं. ग्रुपवर अश्रूंचा पूर आला. ज्यांना खिडकीतून उडी मारून पळण्याखेरीज शाळेचा काही उपयोग ठाऊक नव्हता, ते ‘ज्ञानमंदिर’ लिहू लागले. ज्याला सरांनी कान धरून वर्षभर दाराबाहेर उभं केलं होतं, त्याने लिहिलं की या काळ्या दगडांनी आम्हाला घडवलं. मला सगळ्यांची कीव आली, खरं सांगायचं तर किळस आली. माणसं आठवत नाहीत, आठवणी शिवून घेतात, अंगाला येतील अशा. मला मात्र सगळं लख्ख आठवतं, असा माझा जुना तोरा होता. मी बॅचमध्ये पहिला आलेला, म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. मी हो म्हणालो. भाषणाशी मला घेणंदेणं नव्हतं. जेसीबीच्या आधी मला त्या धुराड्यात हात घालायचा होता.

रविवारी सकाळी आठलाच नाशिकहून पोहोचलो. आवाराच्या फाटकाची किल्ली होती आमच्याच वर्गातल्या एकाकडे. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि गावात जे काही उद्घाटन, सत्कार किंवा तेरावं असेल तिथे माइक त्याच्याच हातात असतो.

“काय भो, कवय उना?” तो म्हणाला. “पहिले च्या पी. कार्यक्रमले टाईम शे.”

“चहा नंतर. आत जाऊन येतो.”

“मझार काय शे आते? निस्ता वटवाघळे शेतस.”

खरंच तेवढंच होतं. दर्शनी भागात खांब पुसून झेंडूच्या माळा लावल्या होत्या, कमानीवर फ्लेक्स होता, आणि फ्लेक्सवर ज्यांचे फोटो होते त्यांच्यातले निम्मे या शाळेत नापास झालेले. माळांच्या चार पावलं आत गेलं की खरी शाळा सुरू होत होती. खिडक्यांचे गज भंगारात गेलेले. फरशीवर वटवाघळांच्या लेंड्यांचा थर, त्यात दारूच्या बाटल्या. सातवीच्या वर्गात कौलं खाली आलेली आणि त्या उजेडात बाभळीचं एक रोप तरारलेलं. भूगोलाच्या खोलीत भिंतीवर बदाम काढून त्यात बाण मारलेला, तेवढीच काय ती अलीकडची विद्या. मला काही वाटलं नाही. ऐंशी पोरं एका वर्गात कोंबून, कोंदट काळोखात पाढे म्हणून घेणारी ही इमारत मला तेव्हाही आवडली नव्हती. तिचा रुबाब सगळा रस्त्याकडून होता.

मुख्य दाराशी मात्र पाय जरा थबकले. सागाचं दोन झडपांचं दार, एक झडप निखळलेली. मी मॉनिटर होतो. प्रार्थनेची घंटा झाली की या दारात मी उभा. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ताटकळत ठेवायचं, ते मी ठरवायचो. मोठी माणसं अधिकारपदावर गेल्यावर जे करतात ते मी चौदाव्या वर्षीच शिकलो होतो.

हॉलच्या भिंतीवर शाळेत पहिल्या आलेल्यांच्या नावांच्या फळ्या होत्या. शेवटच्या फळीवर पांढऱ्या रंगात, सगळ्यांत खाली, माझं नाव. रंग पिवळा पडलेला, पण अक्षरं शाबूत. माझ्यानंतर फळी संपली आणि नवी फळी कुणी केली नाही.

दुकानदार मागोमाग आलाच होता. “हाई फळी तुन्हा नावनी शे. काढी देऊ का? नहीतर उद्या जेसीबी खाई जाई.”

इमारतीला इतक्या शिव्या देणाऱ्याने नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “काढ.” पुढच्या दहा मिनिटांत त्याने माणूस बोलावून ती उचकटली आणि माझ्या गाडीत मागच्या सीटवर तिरकी बसवली. मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो.

आता त्या वस्तूबद्दल सांगतो. माझ्या बाकावर सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या एका पाड्यावरचा मुलगा बसायचा. वसतिगृहात राहायचा. पाचवीत आला तेव्हा त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. दहावीत माझ्या निबंधातल्या चुका तो काढायचा. दर वर्षी तो पहिला, मी दुसरा. आम्ही तापीकाठचे गुजर, घरी केळी-कापूस, पाण्याची इंजिनं. सातपुड्यातला मुलगा आपल्या पुढे आहे हे माझ्या घरात चेष्टेवारी नेत, पण ताटावर बसलं की तेच निघायचं.

त्याचा बाप मोठ्या आजारातून उठला होता आणि घरच्यांनी नवस बोलला होता. मुलाने पाच होळ्या बुध्या व्हायचं. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि सुकवलेल्या दुधी भोपळ्यांचा पट्टा, आणि होळीभोवती नाच. चार होळ्या झाल्या होत्या. पाचवी आली ती बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. होळीच्या आधी काही दिवस पाळणी असते. खाटेवर बसायचं नाही, अंघोळ करायची नाही. त्याने वसतिगृहातच पाळणी धरली, आणि पट्टा दप्तरात घालून वर्गात येऊ लागला. दप्तर हललं की घुंगरं वाजत. वर्ग हसे. सगळ्यांत मोठ्याने मी.

हेडमास्तरांना वाटलं की पट्टा काढून घेतला की पोरगा होळीला जाणार नाही. खाली मान घालून अभ्यास करील आणि शाळेचं नाव काढील. सहा वर्षं तो मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पाळणीतल्या माणसाचा पट्टा काढून घेणं म्हणजे काय, हे त्यालाच विचारावं असं त्या विद्वानाला सुचलं नाही. धूर घेणाऱ्या देवीपुढे ते स्वतः बूट बाहेर काढून खोलीत येत, पण दुसऱ्याचा देव त्यांच्या लेखी गैरहजेरीचं कारण होता. त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला. “कपाटात ठेव.” आणि ते तासाला गेले.

कपाटाला कुलूप होतं, शिपाई किल्ली घेऊन पोस्टात गेलेला. तो मुलगा व्हरांड्यात उभा होता. माझ्या हातात घुंगरं वाजत होती आणि ती त्याला ऐकू जात होती, हे मला सहन होईना. मी खिडकी लावून घेतली. मग देवीच्या मागून हात वर घातला, चाचपडलो, विटांचा एक कट्टा लागला, त्यावर पट्टा कोंबला आणि बाहेर आलो.

तिसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. मोलगीपर्यंत पायी, पुढे मिळेल त्या ट्रकने. तो नुसता खोलीच्या दाराशी उभा राहिला. त्याला बघून हेडमास्तर पाघळले, हे मी नाकारत नाही. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “दे त्यांचा पट्टा.” मी तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घुंगरं ओवली होती ती वादी कातड्याची होती. बाजारपेठ जिच्या पायांवर डोकं ठेवत होती, तिच्या डोक्यावर मी चामडं ठेवलं होतं. सरांनी मला फोडून काढलं असतं, घरी वडिलांनी उरलेला सोलला असता.

“कपाटात ठेवला होता, सर,” मी म्हणालो.

कपाट पुन्हा पुन्हा उपसलं. पट्टा मिळाला नाही. हेडमास्तरांनी बापाला सांगितलं, हरवला असेल, नवा करून घ्या. बापाने मुलाचा हात धरला आणि दोघं गेले. त्या मुलाचं हॉल तिकीट शेवटच्या पेपरापर्यंत सरांच्या टेबलावर दौतीखाली पडून होतं. “ह्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही,” असं ते म्हणाले. मी शाळेत पहिला आलो. ही हकीकत चाळीसहून अधिक वर्षं मी स्वतःला अशीच सांगत आलो. सरांनी अडाणीपणा केला, मी भ्यालो, तो गेला.

हेडमास्तरांच्या खोलीत आता महिरप होती, सरस्वती नव्हती. तिला नव्या शाळेत नेलं, तिथे ती धूर घेईना, तेव्हा तिचा मानही उतरला. शेकोटीत कबुतरांची घाण आणि कुणाच्या तरी पार्टीच्या पत्रावळ्या. मी गुडघ्यांवर बसलो, साठीच्या माणसाला जमेल तसा आत वळलो आणि हात वर घातला. काजळी चेहऱ्यावर आली. बोटांना कट्टा लागला, उंदरांनी जमवलेला काडीकचरा लागला, आणि मग धातू. ओढलं तेव्हा पट्टा सरळ माझ्या छातीवर आला. भोपळ्यांची टरफलं उरली होती, वादी कुरतडलेली, घुंगरं हिरवी पडलेली. हलवून बघितलं. दोन-तीन अजून वाजत होती.

“काय करी ऱ्हायना तू तठे?” दुकानदार दारात. “तोंड देख तुन्हं! हाई काय, बैलना घुंगरू?”

“माणसाचे आहेत. मी काठीला चाललोय.”

“आनी भाषण?”

“तू कर. तुला येतंच.”

त्याला मनातून आनंदच झाला. मी तोंड धुतलं आणि निघालो. त्या मुलाचा पाडा मला शोधावा लागला नाही. पाड्याचं नाव हजेरीत होतं, आणि हजेरी मी घ्यायचो. म्हणजे गेल्या चाळीस वर्षांत कधीही जाता आलं असतं. अक्कलकुव्यापर्यंत रस्ता बरा होता, मोलगीच्या घाटात वळणावळणाला मागे ती फळी दाराला आपटत होती, आणि शेजारच्या सीटवर पट्टा.

अंगणात भिंतीला दुधी भोपळे सुकत टांगले होते. होळीला पंधरा दिवस होते. तो खाली बसून दोरी वळत होता. केस पांढरे, चष्मा. गाडीतून उतरलो तसं त्याने मला ओळखलं आणि माझं नाव घेतलं, आडनावासकट, हजेरीत घेतात तसं. मला खाट टाकली आणि स्वतः खालीच बसला. मराठी तो तेव्हाचीच बोलत होता, पुस्तकातली, एकही शब्द न बिघडलेली.

मी पट्टा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो मांडीवर घेतला, आणि एका घुंगरावरचा हिरवा थर खालचं पितळ दिसेपर्यंत अंगठ्याने घासला. मी सगळं सांगितलं. कुलूप, धुराडं, देवी, कातडं, माझी भीती. बोलताना मला हलकं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, थोडं छानही वाटत होतं.

“कातड्यामुळे सांगितलं नाहीस?” तो म्हणाला.

“हो. देवीच्या डोक्यावर...”

“त्याच देवीपुढे रोज प्रार्थनेला तबला वाजायचा. तो कशाचा होता?”

चाळीस वर्षं जपलेलं निमित्त त्याने एका वाक्यात निकालात काढलं, आणि तेही हसत.

“तुझा नवस मोडला ना माझ्यामुळे?” मी विचारलं.

“नाही. मामाने त्याचा पट्टा दिला. त्याच होळीला पाचवा नाच झाला. नवस फिटला.”

“मग परीक्षेला का आला नाहीस?”

त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “आलो होतो. होळीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी, हॉल तिकीट घ्यायला. तू दारात उभा होतास. तू म्हणालास, सरांनी तुझं नाव कमी केलंय, तुझं हॉल तिकीट आलेलंच नाही.” मग त्याने विचारलं, “ते खरं होतं का? मला पुढे कधी कळलं नाही.”

मला आठवत नाही, असं मी म्हणणार होतो. शब्द तोंडात तयार होते. आणि तो दारात उभा दिसला. अंघोळ करून आलेला, केसांना तेल, धुतलेला सदरा. त्याच्यामागे रस्ता. माझा हात दाराच्या झडपेवर. आतल्या खोलीत सर बसलेले, त्यांच्या टेबलावर त्याचं हॉल तिकीट. मला काही आठवावं लागलं नाही, ते विसरलेलंच नव्हतं. नुसतं सांगायचं सोडून दिलं होतं. ग्रुपवरच्या त्या रडक्या मंडळींनी निदान फुलं चिकटवली होती. मी दारात उभा असलेला अख्खा माणूस आठवणीतून कापून टाकला होता, आणि वर त्यांच्यावर हसत होतो. त्या खाटेवर बसल्या बसल्या मला स्वतःची शिसारी आली.

“खोटं होतं,” मी म्हणालो. “टेबलावरच होतं तुझं तिकीट.”

त्याने मान हलवली. पट्टा गुंडाळून त्याने बाजूला ठेवला आणि राहिलेली दोरी वळून संपवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो उठला, म्हणून मीही उठलो.

गाडीशी आल्यावर त्याला मागच्या सीटवरची फळी दिसली. त्याने काच पुसली आणि नावं वाचली, वरून खाली, एकेक. शेवटच्या नावाशी थांबला.

“सागाची आहे,” तो म्हणाला.

“पाहिजे?”

“बकऱ्यांच्या दाराची एक फळी कुजली आहे.”

आम्ही दोघांनी ती उतरवली आणि गोठ्याशी नेली. त्याने दाराला लावून बघितली. वीतभर लांब होत होती. तो घरातून करवत घेऊन आला आणि फळी ओट्यावर आडवी ठेवली.

“कुठून कापू?” त्याने विचारलं.

“खालून,” मी म्हणालो, आणि फळी हलू नये म्हणून तिच्यावर गुडघा ठेवला.